एका माणसाचा महिना

सत्तावीस वर्षांच्या नोकरीत साहेबाच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर मी एकदाच बसले. त्या दिवशी चौकशीचा विषय होता, मी महिन्याला किती खाते.

हे यवतमाळचे. शहराला लागून लोहाऱ्याला औद्योगिक वसाहत आहे, तिथल्या एका सूतगिरणीत मी कोन वाइंडिंग खात्यात होते. गिरणी केव्हाच बंद पडली, मालकही राहिले नाहीत, म्हणून नाव सांगत नाही. त्यानंतर मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळले आणि तिथूनच निवृत्त झाले. पण कोणी विचारले, बाई तुम्ही काय करत होतात, तर माझ्या तोंडून अजून 'गिरणीत होते' असेच निघते.

गिरणीत बाया सूत काततात असे बाहेरच्यांना वाटते. सूत यंत्र कातते. कापसाची गाठ एका टोकाला फुटते, कापूस पिंजला जातो, त्याचा जाड दोर होतो, दोराचा धागा होतो आणि तो धागा वीतभर कांडीवर गुंडाळून आमच्या खात्यात येतो. अशा कितीतरी कांड्यांवरचे सूत जोडत जोडत कागदी शंकूवर चढवायचे, हे आमचे काम. त्या शंकूला कोन म्हणतात. गुंडाळायचे काम यंत्राचे. मात्र सूत तुटले की बाईने धावत जायचे, दोन्ही टोके शोधायची आणि गाठ मारायची. गाठ अशी हवी की पुढे विणणाऱ्याच्या बोटाला ती लागू नये. नवीन पोरीला टोक शोधायलाच मिनिट लागते. मी टोक न पाहता शोधत असे. हे सांगताना मला आजही बरे वाटते, ते लपवत नाही.

आठ तास उभे राहायचे आणि यंत्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचे. केसात, भुवयांवर, नाकात कापूस. संध्याकाळी घरी जाणाऱ्या आम्ही बाया म्हाताऱ्या दिसायचो आणि तोंड धुतल्यावर पुन्हा वयाला यायचो.

ती वर्षे कापसाला वाईट होती. माझा भाऊ फुलसावंगीला कापूसच पेरायचा. तो बाजारात गेला की व्यापारी सांगे, सुताला गिऱ्हाईक नाही म्हणून कापसाला भाव नाही. इकडे आम्ही पगारवाढ मागितली की मॅनेजर सांगे, सुताला गिऱ्हाईक नाही म्हणून पैसे नाहीत. म्हणजे भावाला आणि मला एकाच वाक्याने परत पाठवले जायचे. गेटवर रोज सकाळी शेतातून उठून आलेली दहा-वीस माणसे काम मिळेल का म्हणून उभी असत. ती दिसत असताना जास्त बोलायची कोणाची छाती नव्हती.

तरी एका वर्षी युनियनने वाढ मागितली. बोलणी लांबली, मग कंपनीने एक तोड सुचवली. ज्यांना बायकापोरे आहेत त्यांना थोडे वाढवू. जे एकटे आहेत त्यांना आहे तो पगार पुरून उरतो, त्यांना वाढीची गरज नाही. आमच्या गिरणीत एकटे बरेच होते. लग्नाची वाट पाहणारी पोरे, विधवा, आणि माझ्यासारख्या काही, ज्यांचे लग्न होऊन न झाल्यासारखे झाले होते. माझा नवरा दोन वर्षांत दुसरीला घेऊन आला. मी माझी पेटी घेऊन निघाले. त्यापलीकडे त्यात सांगण्यासारखे काही नाही.

प्रकरण कामगार खात्याच्या साहेबांपुढे गेले. दोन्ही बाजू ऐकून साहेब म्हणाले, "पुरतो म्हणता, पुरत नाही म्हणता. एखादा एकटा कामगार आणा, त्याचा एका महिन्याचा खर्च लिहून आणा, म्हणजे मला दिसेल."

युनियनचे सेक्रेटरी वानखडेभाऊ आमच्याच गिरणीत फिटर होते. दुसऱ्या दिवशी ते माझ्या यंत्राशी येऊन उभे राहिले.

"निर्मलाताई, तुमी एकट्याच राह्यता ना?"

"हो."

"सोबत कोणीच नाही?"

"भिंतीवर एक पाल आहे."

ते हसले नाहीत. चिंतेत होते. "पोट्टे काही कामाचे नाहीत. अर्धा पगार कुठं जाते ते त्याईले सोताले सांगता येत नाही. तुमी लिहू शकता, वाचू शकता. एक महिना सगळं लिहून ठेवा. अन् कंपनीचा वकील पावत्या मागन, तर पावत्याही घ्या."

मी हो म्हटले. पावत्यांचे पुढे काय होणार हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

पगार हातात अठराशे यायचा. खोली वसाहतीच्या मागच्या वस्तीत, पत्र्याची, एका खिडकीची. किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून. त्या दुकानदाराला मी पहिल्याच दिवशी पाव किलो तेलाची पावती मागितली. त्याने चष्मा कपाळावर चढवला.

"पाव किलोची?"

"हो. आणि ही हिंगाची पुडी पण लिहा."

"बाई, तुमच्याकडं इन्कम टॅक्सवाले येऊन राह्यले काय?"

मी कारण सांगितले. त्याला ते इतके आवडले की त्या महिन्यात त्याने मला काडेपेटीचीही पावती दिली आणि प्रत्येक पावतीवर दुकानाचा शिक्का मारला. भाजीवालीचे मात्र अवघड होते. तिला लिहिता येत नव्हते. मी लिहायची, वांगी दोन रुपये, मेथी दीड रुपया, आणि ती अंगठा उठवायची. अंगठ्याला शाई म्हणून मी माझे कुंकू देई. पंधरा दिवसांनी ती म्हणाली, "माहे अंगठे साहेब पाहीन काय व?" मी हो म्हटले. तेव्हापासून ती हात लुगड्याला पुसून मगच अंगठा लावायची.

सगळे लिहून काढायला लागल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. खर्च लिहिणारा माणूस खर्च कमी करतो. दोनदा मी चहा पिणे टाळले, कारण तो कागदावर कसा दिसेल हा विचार आला. महिन्याच्या कापडासाठी मी जुने लुगडे फाडले आणि काहीच लिहिले नाही, कारण तो कागद पुरुषांच्या हातात जाणार होता. केसाच्या तेलाची बाटली लिहिली आणि खोडली आणि पुन्हा लिहिली.

आणि एक गोष्ट मी लिहिलीच नाही. ती सुमनची भाकर.

सुमन राठोड माझ्या शेजारच्या यंत्रावर होती. माझ्याहून चार वर्षांनी लहान. माहेर आमच्याच महागाव तालुक्यातल्या एका तांड्यातले, म्हणून ती मला गावाकडची समजे. तिचा नवरा गुलाब त्याच गिरणीत पिंजण खात्यात होता आणि लोहाऱ्यातच ते त्याच्या आईसोबत राहत. सासूला ती 'याडी' म्हणे, त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघी भिंतीला टेकून बसत असू. माझ्या डब्यात एक भाकर आणि चटणी असायची. एकदा तिने पाहिले. दुसऱ्या दिवसापासून तिच्या फडक्यात दोन भाकरी जास्त येऊ लागल्या.

"घे. उरते घरी."

"रोज कशी उरते?"

"याडीचा हात मोठा हाय. पीठ घेतलं का जास्तच घेते. मी काय करू?"

ही उरलेली भाकर मी दीड वर्ष रोज खात होते. उरलेली भाकर रोज ताजी कशी असते हे मी विचारले नाही. विचारले असते तर ती घेता आली नसती.

महिना संपला. बेरीज केली तर सतराशे ऐंशी झाली. त्यात दोनशे रुपये मायला पाठवलेले होते. वानखडेभाऊंनी कागद पाहिला, शिक्के पाहिले, अंगठे पाहिले आणि खूश झाले. मी मात्र त्या बेरजेकडे पाहत राहिले. काहीतरी चुकत होते, काय ते समजत नव्हते.

सुनावणीच्या दिवशी आम्ही आठ-दहा जण गेलो. सुमनने अर्धी रजा टाकली होती, गुलाबही होता. साहेब उतारवयाचे, हळू बोलणारे. त्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितले. मी काठावर बसले. कंपनीतर्फे आलेले वकील नीट कपड्यातले, आवाज न चढवणारे गृहस्थ होते. त्यांच्याबद्दल माझा राग नाही. ते त्यांचे काम करत होते, आणि चांगले करत होते.

त्यांनी कागद हातात घेतला. "बाई, हा हिशेब तुम्हीच लिहिला?"

"हो."

"बरोबर आहे?"

"पावत्या आहेत."

"पावत्या मी पाहिल्या. कोणाला नावे ठेवता येणार नाहीत इतक्या व्यवस्थित आहेत. पगार अठराशे, खर्च सतराशे ऐंशी. म्हणजे वीस रुपये शिल्लक राहिले."

"हो."

"आणि यातले दोनशे तुम्ही आईला पाठवले. आपला प्रश्न एका माणसाचा आहे. आईचा खर्च तुमचा खर्च नाही. ते दोनशे काढले तर शिल्लक दोनशे वीस. साहेब, माझे म्हणणे एवढेच होते, आणि या बाईंनी ते स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे."

मागे कोणीतरी खुर्ची सरकवली. वानखडेभाऊंनी माझ्याकडे पाहिले नाही. तेव्हा मला ती बेरीज का खटकत होती ते समजले, आणि समजल्यावर मी बोलले. मला बोलायला सांगितले नव्हते.

"साहेब, माझ्याजवळ अठराशे होते म्हणून खर्च सतराशे ऐंशी झाला. बाराशे असते तर बेरीज बाराशेच्या आत आली असती. जे घेतले ते मी लिहिले. जे घेतले नाही त्याची पावती कोणता दुकानदार देईल?"

साहेबांनी पेन खाली ठेवले. "काय घेतले नाही?"

मी सांगितले. पायांना सूज येते, डॉक्टरने गोळ्या लिहून दिल्या, त्या घेतल्या नाहीत. भावाच्या मुलीच्या नामकरणाला गेले नाही, फुलसावंगीचे येण्याजाण्याचे भाडे नव्हते. पावसाळ्यात पत्रा गळतो, त्यावर टाकायचा कागद घेतला नाही. आणि वकीलसाहेबांना म्हटले, "माय माझ्या खर्चात नाही म्हणता. मग मी वीस वर्षे कोणाच्या खर्चात होते?"

साहेब कागद पुन्हा वाचत होते. त्यांचे बोट एका ओळीवर थांबले.

"बाई, धान्य लिहिले आहे, ज्वारी पाच किलो, गहू दोन, तांदूळ एक. महिनाभराचे एवढेच?"

"हो."

"मी खेड्यातला माणूस आहे. आठ तास उभ्याने काम करणाऱ्या बाईचे आठ किलोत दोन वेळ होत नाही. तुम्ही दुपारी काय खाता?"

त्यांनी हे दरडावून विचारले नाही. काळजीने विचारले, म्हणूनच मी अडकले. पुरते म्हणावे, तर पगार पुरतो हे मीच कबूल केले असे झाले, आणि माझ्यासोबत सगळ्या एकट्यांची वाढ गेली. खरे सांगावे तर दीड वर्ष मी दुसऱ्याचे खाऊन राहते हे चारचौघांत उघडे पडणार. सुमन मागच्या बाकावर बसली होती. मी मागे वळून पाहिले. ती मान हलवून नको म्हणत होती. मला तेव्हा वाटले, ती म्हणते आहे, तुझी लाज काढू नको.

मी म्हटले, "दुपारची भाकर माझी नसते साहेब. सुमन राठोड म्हणून माझ्यासोबत आहे, ती रोज दोन भाकरी आणते. त्या मी लिहिल्या नाहीत."

वकील लगेच म्हणाले, "म्हणजे हा हिशेब खोटा आहे."

"खोटा नाही," साहेब म्हणाले, "अपुरा आहे." त्यांनी स्वतः लिहून घेतले, रोज दोन भाकरी, सहकाऱ्याकडून. मग महिन्याला त्याचे किती धान्य होते ते काढले आणि माझ्या खर्चात मिळवले. गोळ्या, पत्र्यावरचा कागद, गावचे भाडे हेही मिळवले. बेरीज अठराशेच्या बरीच वर गेली.

बाहेर आल्यावर वानखडेभाऊ म्हणाले, "ताई, तुमी आज काम केलं." सगळे मला बरे बोलत होते. सुमन गुलाबसोबत आधीच निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती भिंतीशी बसली नाही. दुसऱ्या बायांत बसली. मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी, गिरणीच्या सुट्टीच्या दुपारी, माझ्या खोलीच्या दारात तिची सासू उभी होती. मोतीबाई. अंगावर आरशाची काचोळी आणि घेरदार लहंगा, दंडापर्यंत पांढरे चुडे. उन्हातून चालत आल्या होत्या. मी पाणी पुढे केले, त्यांनी ते हातात घेतले नाही.

"सुमनने तुले भाकर देल्ली," त्या म्हणाल्या, "ते मी करून देत होती. मले माहीत होतं. पोरगी म्हणे, याडी, एक बाई हाय, तिचा डबा लहान हाय. म्हून मी दोन भाकरीचं पीठ जास्त घेऊन राह्यली होती. रोज."

"मला वाटलं उरते म्हणून..."

"उरत नाही. आमच्या घरी कायची उरते?"

मी उभीच होते. त्याही उभ्याच.

"मी तुले मोजून देत होती काय? तुह्या भाकरीचं मी कोणापाशी नाव काढलं काय? अन् तू साहेबापुढं सांगतलं. त्यानं कागदावर घेतलं, इतकं धान्य, इतके पैसे. माह्या हातची भाकर त्यानं पैशात लिहिली. काहून सांगतलं?"

माझ्याकडे उत्तर होते. सगळ्यांचा पगार, एकट्यांची वाढ, साहेबांनी विचारलेला प्रश्न. ते उत्तर खरे होते. तरी त्या दारात मला ते देता आले नाही. मी एवढेच म्हटले, "माझी चूक झाली."

"चूक नाही झाली," त्या म्हणाल्या. "तुह्या मनात चूक नव्हती ते मले समजते. पण माह्या मनाले लागलं." आणि त्या गेल्या. मागच्या बाकावरून सुमन मान का हलवत होती ते मला त्या दिवशी कळले. तिला माझी लाज वाचवायची नव्हती, सासूचा मान वाचवायचा होता.

पुढचे दोन महिने मी एकच भाकर नेली आणि एकच खाल्ली. सुमनशी यंत्रापुरते बोलणे होई. तुझी कांडी संपली, तुझे सूत तुटले, असे. एकदा तिने फडके माझ्याकडे सरकवले, मी भूक नाही म्हटले. तिने ते परत ओढून घेतले. दुपारी चारच्या सुमाराला भुकेने माझे पोट दुखायचे. ते मी कुठे लिहून ठेवले नाही.

मग निकाल लागला. निकाल म्हणजे तडजोड. मागितले होते त्याच्या निम्म्याहून थोडे जास्त मिळाले, पण एकटे आणि कुटुंबवाले असा भेद राहिला नाही, सगळ्यांना सारखे. माझ्या पगारात तीनशे वीस रुपये वाढले. वानखडेभाऊंनी पेढे वाटले. अडीच वर्षांनी गिरणीच बंद पडली, यंत्रे भंगारात गेली आणि वानखडेभाऊ बसस्टँडजवळ पंप दुरुस्तीला लागले. काही जण म्हणत, ती वाढ मागितली म्हणून गिरणी बुडाली. मला तसे वाटत नाही. आमच्या तीनशे वीस रुपयांनी बुडावी इतकी ती गिरणी लहान नव्हती. पण हे म्हणणारे लोक घरी बसले होते, त्यांच्याशी वाद घालावा असेही कधी वाटले नाही.

वाढीव पगार पहिल्यांदा हातात आला तेव्हाचे सांगायचे राहिले.

त्या महिन्यात मी पंधरा किलो ज्वारी घेतली. पायाच्या गोळ्या घेतल्या. आणि सुमनला यंत्रापाशी गाठून म्हटले, "येत्या रविवारी दुपारी माझ्याकडे जेवायला या. तू, गुलाबभाऊ आणि याडी."

तिने हातातली गाठ पुरी केली. सूत चालू झाले. मग म्हणाली, "मी येईन. हे पण येतीन. याडीचं मले सांगता येत नाही."

तिने इतकेच सांगितले. बाकीचे मला माहीत होते. आम्ही बौद्ध. आजोबांनी धम्म घेतला तेव्हापासून आमच्या घरात कोणापुढे वाकायचे नाही अशी शिकवण. पण आम्ही वाकत नाही म्हणून दुसरे आमच्या ताटात बसतात असे होत नाही. मोतीबाई जुन्या तांड्यातल्या. त्यांनी दीड वर्ष मला भाकर करून दिली, त्यात काही अडचण नव्हती. देणे वेगळे आणि माझ्या चुलीवरचे घेणे वेगळे. त्या आल्या नसत्या तर मी त्यांना दोष दिला असता की नाही, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

रविवारी सकाळपासून स्वयंपाक केला. वांग्याची भाजी, वरण, भात, ठेचा आणि भाकरी. खोलीत चार माणसे बसतील इतकी जागा नव्हती, म्हणून खाट भिंतीला उभी लावली. शेजारणीकडून दोन ताटे मागून आणली. ताटे मागायला गेले तेव्हा तिने विचारले, "पाहुणे कायले येऊन राह्यले, कोणी पाहायले येते काय तुले?" मी म्हटले, नाही, गिरणीतली माणसे आहेत. मला त्या खोलीत राहून सहा वर्षे झाली होती आणि मी पहिल्यांदा कोणाला तरी जेवायला बोलावले होते.

सुमन आणि गुलाब आले. मागून मोतीबाई आल्या. दारात थांबून त्यांनी खोली पाहिली. पत्रा, एक खिडकी, खुंटीवरच्या दोन साड्या, कोपऱ्यातली स्टोव्हची जागा.

"इथं एकटी राह्यतं?"

"हो."

"भेव नाही लागत?"

"आधी लागायचे. आता नाही."

त्या आत आल्या आणि ताटापुढे बसल्या. मी वाढले. गुलाब खाली पाहत होता. सुमनचे बोट तिच्या चुड्यावर फिरत होते. मोतीबाईंनी भाकर मोडली, वरणात बुडवली आणि खाल्ली. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. मग म्हणाल्या, "वरणात मीठ कमी हाय."

मी मिठाचा डबा आणायला वळले. डबा हाताशीच होता, तरी तो सापडायला मला वेळ लागला.

मोतीबाई पोटभर जेवल्या. वांगे त्यांना आवडले, ते त्यांनी दोनदा मागितले. हात धुतल्यावर त्यांनी उभी लावलेली खाट पाहिली, सुमनला ती खाली घ्यायला सांगितली आणि तिच्यावर आडव्या झाल्या. "जराशी पडते," म्हणाल्या, आणि लगेच घोरू लागल्या. गुलाब काही काम काढून निघून गेला.

खोलीत आवाज होऊ नये म्हणून सुमन आणि मी भांडी बाहेर नेली. मी घासत होते, ती विसळत होती. कामगारांच्या वस्तीत रविवारी दुपारी सगळीकडे सामसूम असते. भांडी झाली तरी आतून घोरणे चालूच होते. सुमन म्हणाली, "आता उठत नाही ते. घरी पण अशीच झोपते, भरून जेवली का." आम्ही दोघी पायरीवर बसलो आणि चार वाजेपर्यंत तिथेच बोलत राहिलो.